भाऊ, माझं नाव सांग

धुळे, २० मे २०२१

अभिमन भाऊस,

रूपाचा नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, मी बरी आहे. फोनच करायला हवा होता, पण चार वाक्यं बोलले की दम लागतो, आणि तू 'बरं, बरं'च्या पुढे जात नाहीस. अकरा वर्षं आपण बोललोच नाही, ते आता फोनवर कुठून जमणार? कागदावर थांबत थांबत लिहिता येतं. हे पत्र मी कालपासून लिहितेय.

दवाखान्यातून सुटून आज नऊ दिवस झाले. सकाळी खोलीतून नळापर्यंत जाते आणि एकदा भिंतीला टेकून परत येते. कनीजआपा रोज डबा देते. कनीज म्हणजे तीच, सुटले त्या दिवशी गाडी घेऊन मला न्यायला आलेली. ती आमच्या गोळ्यांच्या केंद्रावर काम करते, आणि तिलाही माझ्यासारख्याच गोळ्या चालू आहेत. तू तिच्याशी फाटकाजवळ बराच वेळ बोलत उभा होतास. काय बोलत होतात ते ती सांगत नाही. तूही सांगणार नाहीस.

त्या दिवशी तू म्हणालास, "बोदवडला चल, घरी." मी म्हटलं, "नको, मला माझी खोली बरी." पिशवी गाडीत ठेवताना तुझा चेहरा उतरला ते मी पाहिलं. भाऊ, ते 'नको' रागाने म्हटलं नव्हतं. मला भीती वाटली. आजारपणात सगळे चांगले वागतात. महिनाभराने पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं, तर मला ते दुसऱ्यांदा सोसलं नसतं. खरं कारण तेवढंच आहे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते.

एप्रिलच्या अकरा तारखेला मी बोदवडला आले ती स्वप्नीलच्या फोनवरून. त्याला भुसावळला कारखान्यातून सोडत नव्हते. "आत्या, आई-बाबांना कोविड सेंटरवर नेलंय, आजी जायला तयार नाही, तिला ताप आहे आणि जवळ कोणी नाही," असं म्हणून तो रडायला लागला. सव्वीस वर्षांचा पोरगा. मी विचार केला नाही. पंधरा दिवसांच्या गोळ्या, दोन साड्या आणि शिवलेले दहा मास्क घेऊन एसटीत बसले. आईने मला दारात पाहिलं आणि म्हणाली, "तुले कोनं सांगलं वं इकडं याले? तुले आधीच ते हाये, हे बी व्हईन ना!" आणि लगेच म्हणाली, "आली तं आली, मंग चहा ठेव."

आठ दिवसांत आई खडखडीत बरी झाली आणि मी पडले. तू आणि वहिनी सेंटरवरून एकोणीस तारखेला परत आलात. तेव्हा मला ताप होता, पण मी ते लपवलं. बावीस तारखेला बोटाला लावायचं ते यंत्र शहाऐंशी दाखवायला लागलं. तू स्वतः काठी धरून चालत होतास, तरी केळीची रिकामी पिकअप थांबवलीस, मागे गादी टाकलीस आणि माझ्याजवळ बसून जळगावपर्यंत आलास. सरकारी दवाखान्याच्या आवारात खाट रिकामी होईपर्यंत आपण पाच तास गाडीतच होतो. तू तुझ्या टॉवेलने मला वारा घालत होतास. मी डोळे मिटून होते, पण मला कळत होतं.

मग आत टेबलाजवळ त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधीचा काही आजार? शुगर, बीपी, काही गोळ्या चालू?" मी म्हटलं, "काही नाही."

मला ते सांगायचं नव्हतं. सांगितलं तर खाट देणार नाहीत असं मी मनात धरून बसले होते. तिथे कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण इतक्या वर्षांत सवयच झाली आहे.

तेव्हा तू टेबलाला वळसा घालून पलीकडे गेलास आणि त्या बाईंच्या कानाशी वाकलास. तू काय सांगतोयस ते मला लांबूनच कळलं. भाऊ, त्या क्षणी मला तुझा इतका संताप आला की श्वास असता तर ओरडले असते. मला वाटलं, याने पुन्हा तेच केलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "ताई, हे आधी सांगायचं ना. गोळ्या जवळ आहेत? एकही दिवस चुकवायची नाही. त्याच्यावरच तुमचं शरीर उभं आहे." आणि मला आत घेतलं. बाकी काहीच झालं नाही.

वॉर्डात मी एकोणीस दिवस होते, त्यातले नऊ दिवस ऑक्सिजनवर. माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई तिशीची, धडधाकट, कसलाच आजार नसलेली. ती गेली. मी तेरा वर्षांपासून एचआयव्ही घेऊन जगतेय आणि मी राहिले. सुटताना डॉक्टरीणबाईंना विचारलं, असं कसं? त्या म्हणाल्या, "याचं उत्तर आमच्याकडेही नाही. पण तुम्ही गोळ्या नीट घेत होतात आणि आम्हाला वेळेवर कळलं, याचा फायदा नक्की झाला."

वेळेवर कळलं ते तुझ्यामुळे. एवढं लिहायला मला दोन दिवस लागले. तू बोललास म्हणून मी आहे.

वहिनीला आणि आईला नमस्कार. पत्र त्यांना वाचून दाखवायचं की नाही ते तूच ठरव.

तुझी,
रूपा


धुळे, २ जून २०२१

भाऊ,

तुझं उत्तर आलं नाही, पण स्वप्नीलबरोबर केळी, बाजरीचं पीठ आणि आईच्या हातची ज्वारीची, उन्हात वाळवलेली बिबडी आली. मी हेच उत्तर समजते. बिबडी कनीजआपालाही दिली. "तुझ्या आईचा हात चांगला आहे, भाऊचं तोंड मात्र शिवलेलं आहे," असं ती म्हणाली. तिचंही तसंच आहे, पण परवा अखेर तिच्याकडून एक गोष्ट काढून घेतली.

मी वॉर्डात असताना पंचवीस तारखेला माझ्या गोळ्या संपत होत्या. मला नीट भानही नव्हतं. सव्वीसच्या सकाळी सिस्टरने नवी बाटली आणून दिली तेव्हा मला वाटलं, दवाखान्यानेच दिली. कनीज म्हणते, तसं नव्हतं. तू माझ्या पिशवीतल्या बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजल्यास, माझ्या फोनमधून तिचा नंबर काढलास आणि तिला म्हणालास, "मी रूपाचा भाऊ. तिच्या गोळ्या दोन दिवसांच्या राहिल्या. कुठे जायचं, काय म्हणायचं, ते सांगा." कनीज तुझं नाव ओळखून होती. माझ्याकडून तिने तुझ्याबद्दल काही चांगलं ऐकलेलं नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही स्वतः जाणार का? तिथे रांग असते. लोक बघतात." तू म्हणालास, "बघू द्या."

तिने इथल्या केंद्रातून माझ्या उपचाराच्या पुस्तकाचा फोटो पाठवला. तू जळगावच्या केंद्रावर गेलास आणि उन्हात अडीच तास रांगेत उभा राहिलास. आजारातून उठून तुला आठवडासुद्धा झाला नव्हता. खिडकीवर त्यांनी विचारलं, "पेशंट कुठे?" तू सांगितलंस, "ऑक्सिजनवर आहे. मी भाऊ आहे." मग त्यांनी एका महिन्याच्या दिल्या.

भाऊ, मी त्या रांगेत तेरा वर्षं उभी राहते. पहिली दोन वर्षं तर पदराने तोंड झाकून. तिथे उभं राहायला काय लागतं ते मला विचार. म्हणून सांगते, खाट मिळवून दिलीस त्याच्यापेक्षा ही गोष्ट मला मोठी वाटते.

आता बरी आहे. चौकापर्यंत चालते. शाळा बंद म्हणून गणवेशाचं काम नाही, पण मास्क शिवते. मशीनवर अर्धा तास बसवतं.

एक विचारायचं राहिलं. स्वप्नीलचं नरडाण्याच्या मुलीशी ठरलं होतं ना? मयुरी नाव, शाळेत शिकवते, असं आई फेब्रुवारीत मोठ्या आनंदात सांगत होती. लॉकडाऊन उठलं की तारीख धरणार होतात. आता आईला फोनवर विचारलं तर ती बिबड्यांवर जाते. स्वप्नील इथे आला तेव्हा त्याला विचारलं, तर म्हणाला, "बघू आत्या." काय झालंय?

रूपा


धुळे, ११ जून २०२१

भाऊ,

स्वप्नीलने सांगितलं. तू त्याला रागावू नकोस, मी त्याला बोलल्याशिवाय फोन ठेवू दिला नाही.

त्या रांगेत तुला कुणीतरी पाहिलं. ज्याने पाहिलं तो मयुरीच्या वडिलांच्या ओळखीतला निघाला. नरडाण्यापर्यंत गोष्ट पोचली ती अशी, की अभिमनला ती बीमारी आहे, तो गोळ्या घेताना सापडला, आणि मुलाकडच्यांनी हे लपवून ठेवलं. मयुरीच्या वडिलांनी, झुलालभाऊंनी, तुला फोन केला. स्वप्नील शेजारीच बसला होता, म्हणून मला शब्द न् शब्द कळला. त्यांनी विचारलं, "तुम्ही त्या केंद्राच्या रांगेत होता, हे खरं का?" तू म्हणालास, "खरं." त्यांनी विचारलं, "कोणासाठी?" तू म्हणालास, "ते मला सांगता यायचं नाही." ते म्हणाले, "मग आम्ही काय समजायचं?" तू म्हणालास, "तुम्हाला जे समजायचं ते समजा. मी खोटं बोलणार नाही आणि याच्यापुढे सांगणार नाही."

आणि त्यांनी सोयरीक मोडली.

वहिनी आठ दिवस तुझ्याशी बोलत नव्हती. गावात लोक तुझ्या हातचा चहा घेईनासे झाले; अकरा वर्षांपूर्वीची मी कुणाच्या ध्यानातही आले नाही. स्वप्नील म्हणतो, "बाबा एकदा 'माझी बहीण' म्हणाले असते तर सगळं मिटलं असतं. मी म्हटलंसुद्धा, मीच सांगतो. तर बाबा म्हणाले, ते नाव सांगायचा हक्क तिला एकटीला आहे. मी एकदा सांगून बघितलंय."

भाऊ, त्यावर आपण कधी बोललो नाही, आज मीच काढते.

दोन हजार दहाच्या मार्चमध्ये आमचे हे गेल्यावर मी बोदवडला आले. माझा तपासणीचा कागद मी विश्वासाने तुझ्या हातात दिला. चार दिवसांत सगळ्या गल्लीला ठाऊक झालं होतं. तू कुणाला सांगितलंस, का सांगितलंस, मला माहीत नाही. घाबरून सांगितलं असशील. मग हापशावर मी गेले की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. माझं अंथरूण गोठ्याच्या बाजूच्या खोलीत गेलं. चार महिने काढले आणि एक दिवस आईला न सांगता धुळ्याची गाडी धरली. मला गल्लीचा राग नव्हता, आजाराचाही नव्हता. माझा कागद तुझ्या हातून बाहेर गेला, याचा होता.

इतकी वर्षं वाटायचं, तू हे विसरलास. आता कळतंय की तू ते रोज आठवत होतास.

फाटकाजवळ तू कनीजशी काय बोललास तेही तिने आज सांगितलं. मी रडत होते म्हणून सांगितलं. तू तिला विचारलं होतंस, "एकदा बाहेर गेलेली गोष्ट परत आत कशी घ्यायची?" ती म्हणाली, "घेता येत नाही. पण पुढची तरी सांभाळता येते."

सांभाळलीस. मुलाचं लग्न मोडू दिलंस पण सांभाळलीस. मला काय वाटतंय ते लिहिता येत नाही. अभिमान वाटतो आणि तुला एक चापट मारावीशीही वाटते. अरे, मला एकदा विचारायचंस तरी! मी नाही म्हटलं असतं का?

तेव्हा आता नीट वाच. मी, रूपा, पूर्ण शुद्धीत लिहिते, की माझं नाव सांगायला माझी हरकत नाही. झुलालभाऊंना सांग, गावात सांग, हापशावर सांग. खाली सही करते. माझ्या नावाने आता माझं काही बिघडत नाही. माझी खोली आहे, मशीन आहे, कनीज आहे. स्वप्नीलचं मात्र सगळं पुढे आहे.

वाचल्यावर लगेच नरडाण्याला फोन कर.

रूपा


धुळे, १८ जून २०२१

भाऊ,

काल तुझा फोन आला. तू पहिल्यांदा आपणहून केलास, म्हणून तू म्हणशील ते ऐकायचं असं ठरवून उचलला. पण तू म्हणालास, "ज्या लोकांना एवढंही थांबवत नाही, त्यांच्या घरची सोयरीक नको. आणि तुझं नाव मी आता कोणापुढे ठेवणार नाही, तू सही दे नाहीतर अंगठा दे."

मी "बरं" म्हटलं. तुझ्याकडूनच शिकले. या 'बरं'चा अर्थ होकार होत नाही, हे तुला कळायला हवं होतं.

गाड्या सुरू झाल्या आहेत. माझा दमही बराच आवरला आहे. याहून जास्त आज लिहीत नाही.

रूपा


धुळे, २७ जून २०२१

भाऊ,

मी काल नरडाण्याला जाऊन आले. आता रागवायचं असेल तर पत्र पूर्ण वाचून मग रागव.

कनीज येते म्हणत होती, पण मी एकटीच गेले. एसटी स्टँडवरून विचारत विचारत घर सापडलं. एमआयडीसीच्या अलीकडे, समोर कडुनिंब आहे. झुलालभाऊ दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत होते. ओट्यावर त्यांची बायको गहू निवडत होती. "कोन शे बाई?" तिने विचारलं. मी मास्क होता तसाच ठेवला आणि म्हटलं, "मी बोदवडच्या अभिमन पाटलांची बहीण. पाच मिनिटं बोलायचंय."

झुलालभाऊंचा चेहरा लगेच बदलला. "तो विषय आमच्याकडून संपला," म्हणाले.

मी म्हटलं, "संपला तर संपला. पण ज्या गोळ्यांवरून संपला त्या माझ्या आहेत." आणि पिशवीतून उपचाराचं पुस्तक काढून ओट्यावर ठेवलं. वर माझा फोटो आहे, दोन हजार आठची तारीख आहे. "हे बघा. मला तेरा वर्षांपासून एचआयव्ही आहे. एप्रिलमध्ये मला कोरोना झाला, मी जळगावला ऑक्सिजनवर होते. माझ्या गोळ्या संपल्या म्हणून भाऊ रांगेत उभा होता. त्याला काहीही नाही."

बाईने गव्हाचं सूप उचललं आणि दोन हात मागे सरकली. खोटं कशाला लिहू, सरकली. मी पाहिलं आणि तिनेही पाहिलं की मी पाहिलं.

झुलालभाऊ पुस्तक हातात न घेता वाकून वाचत राहिले. मग म्हणाले, "मंग त्यास्नी हाई सांगं काब्र नही? मी फोनवर विचारं ना, कोणासाठी म्हणून."

मी सांगितलं, "कारण माझं नाव घ्यावं लागलं असतं. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या तोंडून ते एकदा गेलं आणि मला गाव सोडावं लागलं. या वेळी त्याने नाही सांगितलं. मी आज इथे आलेय हेही त्याला माहीत नाही. तो नको म्हणाला होता."

ते खाली बसले. मग ते बायकोकडे बघून म्हणाले, "पोऱ्याचं लगीन मोडू दिधं, पन बहीनचं नाव लिधं नही." आणि डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. मयुरी आत उभी राहून सगळं ऐकत होती. बाहेर आली, सडसडीत, चष्मा लावलेली. शाळेत शिकवते हे तिच्या बोलण्यावरून कळतं. म्हणाली, "बाबा, मी तेव्हाच म्हटलं होतं, स्वप्नीलला एकदा समोर बसवून विचारा. तुम्ही फोनवरच मोडून टाकलं." मग माझ्यासमोर येऊन बसली, जवळ, आणि म्हणाली, "आत्या, तुम्ही पाणीसुद्धा घेतलं नाही."

भाऊ, ती मला आत्या म्हणाली. मी तिथेच डोळे पुसले. मास्क ओला झाला.

तिने पाणी आणलं. मी प्यायले. मग तिच्या आईने अडखळत विचारलं की एका घरात राहिलं, एका ताटात जेवलं, तर काही होतं का. मी सांगितलं, नाही होत. जेवल्याने नाही, शिवल्याने नाही, कपड्यांनी नाही. आणि गोळ्या नेमाने घेतल्याने माझ्या रक्तातला विषाणू आता तपासणीत सापडतसुद्धा नाही. तिने आणखी बरंच विचारलं. मीही लाज न बाळगता सांगितलं. मयुरी मध्ये मध्ये म्हणत होती, "आई, हे आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे." झुलालभाऊंची कारखान्याची गाडी येऊन निघून गेली, ते उठलेच नाहीत. शेवटी म्हणाले, "हे बठ्ठं माझ्याच घाईनं झालं. मी कुणाचं तरी ऐकलं. तुमच्या भाऊंसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू?"

मी म्हटलं, "याच तोंडानं. तो जास्त बोलत नाही, पण चहा पाजेल."

निघताना मयुरीची आई मला भात-वरण खाल्ल्याशिवाय सोडेना. आता पान माझ्या समोर तीच वाढत होती. पहिल्यांदा वाढताना तिने वाटी लांबूनच सरकवली. दुसऱ्यांदा नाही.

तर ऐक. येत्या रविवारी ते तिघं गाडी करून बोदवडला येत आहेत. तारीख तुम्ही दोघांनी बसून धरायची. झुलालभाऊ तुला आज-उद्या फोन करतील, तेव्हा 'बरं, बरं' करू नकोस. ते माफी मागतील, त्यांना मागू दे, आणि मग विषय पुढे ने. वहिनीला म्हणावं, शेवभाजी कर, त्यांना तिखट चालतं. स्वप्नीलला मी कळवलेलं नाही. ते तू सांग, त्याचा चेहरा बघायला तू जवळ हवास.

मीही येतेय. गाडी धुळ्यावरून जाणार आहे, मला चौकातून घेतील. मी म्हटलं होतं मागे कुठेही बसेन. तर मयुरीची आई म्हणाली, "नही बाई, तुम्हाले दम लागस. खिडकीजवळ तुम्ही बसा, मी तुमच्या शेजारी बसते."

रूपा